ट्रेकसाठी जुना फोनच जीपीएस म्हणून वापरा

ड्रॉवरमध्ये एखादा जुना अँड्रॉइड फोन पडून असेल ना, तोच ट्रेकला जीपीएस म्हणून न्या, वेगळं महागडं डिव्हाइस घ्यायची खरंच गरज नाही. सिमसुद्धा लागत नाही, सॅटेलाइटचा सिग्नल फोन नुसता ऐकत असतो. घरच्या वायफायवर ऑर्गॅनिक मॅप्स हे नेटशिवाय चालणारं नकाशांचं ॲप टाकून महाराष्ट्राचा मॅप डाउनलोड करायचा आणि निघताना एअरप्लेन मोड लावून लोकेशन तेवढं चालू ठेवायचं, नाहीतर डोंगरात रेंज शोधता शोधताच बॅटरी उतरते. पहिल्यांदा लोकेशन पकडायला थोडा वेळ लागतो, त्यामुळे गुंजवण्यातून राजगड चढणार असाल तर झाडीत शिरायच्या आधी मोकळ्यावर काही मिनिटं थांबून हे उरकून घ्या. पावसात ओल्या स्क्रीनवर टच भलतीकडेच लागतो, साधी झिपलॉक पिशवी घ्या, वरून बोट व्यवस्थित चालतं. आणि पॉवर बँकवर १०,००० एमएएच लिहिलं असलं तरी तो आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, बाहेर फोनला ५ व्होल्टने देताना साधारण ६,००० च मिळतात, दोन दिवसांचा हिशोब त्यावरच करा. फोनची बॅटरी जराही फुगलेली दिसली, मागचं कव्हर वर आलं असेल, तर तो फोन मुळीच नेऊ नका.