शरीरातला जुनाट दाह: या चुका टाळा

पाय मुरगळला की घोटा सुजतो, ठणकतो आणि आठ-पंधरा दिवसांत उतरतो. हा दाह कामाचा आहे, इजा भरून काढण्यासाठी शरीरच तो सुरू करतं आणि काम झालं की थांबवतं. जुनाट दाह थांबतच नाही. तो डोळ्यांना दिसत नाही, बऱ्याचदा दुखतही नाही, पण रक्तवाहिन्यांचं अस्तर आणि सांधे वर्षानुवर्षं झिजवत राहतो, इन्सुलिनचं काम बिघडवतो. ‘अंगात उष्णता वाढलीय’ म्हणून सब्जा आणि कोकम सरबतावर भागवलं, तर मूळ कारण तसंच राहतं. ते कारण शोधणं हाच यावरचा उपचार.

रिपोर्ट वाचताना होणारी गफलत

दाह मोजायला सीआरपी ही रक्ततपासणी करतात; सीआरपी म्हणजे दाह असला की यकृत रक्तात सोडतं ते प्रथिन. हृदयविकाराचा धोका बघायचा असेल तर तिचाच अधिक बारकाईने मोजणारा प्रकार, एचएस-सीआरपी, लागतो. त्यात लिटरमागे १ मिलिग्रॅमपेक्षा कमी म्हणजे धोका कमी, १ ते ३ मध्यम, ३ च्या वर जास्त. १० च्या वर आकडा आला तर आधी ताप, जंतुसंसर्ग, दाढेतला पू किंवा ताजी इजा शोधा आणि दोनेक आठवड्यांनी तपासणी पुन्हा करा. सर्दी-तापात, लस घेतल्यावर लगेच किंवा तालमीत अंग मोडेपर्यंत मेहनत केल्याच्या दुसऱ्या दिवशी रक्त दिलं, तर आकडा फुगलेलाच येणार.

एकक मात्र बघाच. काही लॅब आकडा लिटरमागे देतात, काही डेसिलिटरमागे. डेसिलिटरमागे ०.५ म्हणजे लिटरमागे ५. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून ‘दहापट वाढलं’ म्हणून घाबरणारे आणि ‘०.५ च आहे’ म्हणून निर्धास्त होणारे, दोघेही इथेच फसतात. ईएसआर (लाल पेशी तळाला बसण्याचा वेग मोजणारी दाहाची दुसरी तपासणी) तर वयाने आणि रक्त कमी असल्यानेही वाढतो, त्यामुळे एकट्या ईएसआरवरून संधिवात ठरवू नका.

वजनकाट्यावर भरवसा, पोटाकडे दुर्लक्ष

पोटातली, आतड्यांभोवतीची चरबी नुसती साठून राहत नाही. तिथल्या पेशी फुगल्या की रोगप्रतिकारक पेशी तिथे गोळा होतात, दाहाचे संदेश रक्तात सोडतात आणि यकृत सीआरपी तयार करायला लागतं. म्हणून टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, उघड्या अंगावर माप घ्या. पुरुषांत ९० सेंटिमीटर, बायकांत ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची मर्यादा. हातपाय बारीक असूनही माप याच्या वर गेलेली माणसं भरपूर असतात.

मिसळीत चूक नेमकी कुठे?

तिखटाला उगाच दोष देतात. तांबड्या रश्शातल्या मिरचीने ॲसिडिटी वाढू शकते, पण जुनाट दाहाचं खापर तिच्यावर फोडता येत नाही. खरी गडबड फरसाणाची, पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलाची, मैद्याच्या ब्रेडची आणि परत परत मागून घेतलेल्या कटाची आहे. मोड आलेली मटकी मात्र उत्तम: तिच्यातला चोथा (फायबर) आतड्यातले जिवाणू आंबवतात आणि त्यातून तयार होणारी आम्लं आतड्याचं अस्तर शाबूत ठेवतात. घरी मिसळ करताना वाटीभर मटकी, फरसाण दोनच चमचे आणि सोबत ज्वारीची भाकरी घ्या. दिवसाला २५ ते ३० ग्रॅम चोथा पोटात जायला हवा. पालेभाजी, उसळ, भाकरी आणि रोज चमचाभर जवसाची चटणी असेल तर ते अवघड नाही. जवस भाजून कुटूनच घ्या, अख्खं दाणं न पचता बाहेर पडतं.

गुळाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याची चव वादातीत आहे, पण रक्तातल्या साखरेच्या हिशेबात तो साखरेचाच भाऊ. साखर बंद करून चहात दुप्पट गूळ टाकला तर काहीच साधत नाही.

हळदीच्या कॅप्सूल

चमचाभर, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम हळदीत जेमतेम १०० मिलिग्रॅम कर्क्युमिन (हळदीतला मुख्य घटक) असतं आणि त्यातलंही फार थोडं रक्तात पोहोचतं. हळदीचं दूध खुशाल प्या, त्याला औषध समजू नका. मिरीचा अर्क घातलेल्या जास्त ताकदीच्या कॅप्सूलमुळे यकृताला इजा झाल्याची प्रकरणं नोंदली गेली आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊच नका.

याहून धोकादायक म्हणजे सांधेदुखीच्या बिनलेबलच्या पुड्या. दोन दिवसांत जादूसारखा आराम पडला, चेहरा गोल झाला, साखर वाढली, तर पुडीत स्टेरॉइड असण्याची दाट शक्यता. पण ती एकदम बंद करू नका. महिनोन्‌महिने घेतलं असेल तर शरीराने स्वतःचं स्टेरॉइड बनवणं कमी केलेलं असतं आणि अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं. उरलेली पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या दुखण्यावरच्या गोळ्याही स्वतःच्या मनाने रोज घेतल्या तर जठरात अल्सर होतो, मूत्रपिंडं बिघडतात. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर धोका आणखी वाढतो.

मिश्री आणि हिरड्या

हे कुणी मनावर घेत नाही. ब्रश करताना रक्त येणं हा दाहच आहे, चोवीस तास चालू असलेला. मिश्री हा जाळलेला तंबाखू. त्याने दात स्वच्छ होत नाहीत, हिरड्या मागे सरतात आणि तोंडाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. हिरड्यांच्या उपचाराने साखरही थोडी आटोक्यात येते, म्हणून मधुमेह असणाऱ्यांनी दंतवैद्याला आधी गाठावं.

रविवारचा पन्हाळा

आठवडाभर बसून एका दिवशी गड चढणं पुरेसं नाही. रंकाळा तलावावर आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा चालीने चाला. सोबत दोन दिवस बैठका-जोर. झोप सात तास हवी. जोरात घोरणं आणि दिवसा पेंग येणं असेल तर झोपेत श्वास अडकतो का, याची तपासणी करून घ्या. तीन महिने हे केल्यावरच एचएस-सीआरपी पुन्हा करा, दर महिन्याला नको.

सकाळी बोटं आखडून अर्ध्या तासाहून जास्त वेळ मोकळी होत नसतील आणि हे सहा आठवडे चाललं असेल, तर आहार-व्यायामात वेळ न घालवता संधिवाततज्ज्ञ गाठा. सांध्यांची हानी पहिल्या काही महिन्यांतच सुरू होते. वजन आपोआप घटणं, संध्याकाळचा बारीक ताप, शौचातून रक्त यांतलं काहीही असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. आणि एकच सांधा लाल, गरम होऊन ताप आला, तर त्याच दिवशी.