वर्डची नको ती दुरुस्ती कशी बंद करावी

कृतिदेव फॉन्टमध्ये वाक्याच्या सुरुवातीला ‘मराठी’ टाइप करून स्पेसबार दाबला की त्याचं ‘म्राठी’ होतं. डीटीपी, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवण्याचं काम करणाऱ्यांना हा छळ चांगला ठाऊक आहे. यात फॉन्ट बिघडलेला नसतो. या जुन्या फॉन्टमध्ये ‘म’ साध्या कळीवर असतो आणि त्याच कळीवर शिफ्टसह अर्धा ‘म्’. असा फॉन्ट इंग्रजी अक्षरांनाच मराठी रूप देऊन दाखवतो, म्हणून वर्डच्या लेखी हा सगळा इंग्रजी मजकूर. त्यामुळे तो इमानेइतबारे वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करतो आणि आपला ‘म’ अर्धा होतो.

ही करामत ऑटोकरेक्टची. शब्दाखाली तांबडी नागमोडी रेघ मारणारा स्पेलचेक वेगळा. ती रेघ डोळ्यांत खुपते, पण मजकुराला हात लावत नाही आणि छापलेल्या कागदावरही उमटत नाही. ऑटोकरेक्ट मात्र न विचारता अक्षरं बदलतो, म्हणून आधी त्याचा बंदोबस्त करू.

१. वर्डमध्ये ‘फाइल’, मग ‘ऑप्शन्स’, मग ‘प्रूफिंग’ उघडा आणि ‘ऑटोकरेक्ट ऑप्शन्स’ हे बटण दाबा.

२. ‘ऑटोकरेक्ट’ टॅबवर ‘करेक्ट टू इनिशियल कॅपिटल्स’ आणि ‘कॅपिटलाइझ फर्स्ट लेटर ऑफ सेंटेन्सेस’ यांसमोरच्या टिका काढा. कृतिदेववाल्यांनी कॅप्स लॉकची दुरुस्ती करणारी टीकही काढावी.

३. ‘रिप्लेस टेक्स्ट अ‍ॅज यू टाइप’ काढण्याआधी थोडं थांबा. त्याखाली एक लांबलचक यादी असते: डावीकडे तुम्ही टाइप केलेलं, उजवीकडे वर्ड बदलून देणार ते. वकिलाच्या मसुद्यात कलमापुढे कंसात इंग्रजी सी लिहिला की तिथे कॉपीराइटचं गोल चिन्ह येतं, ते याच यादीमुळे. तेवढंच नको असेल तर ती एक ओळ निवडून ‘डिलीट’ करा. काहीच नको असेल तर टीक काढा.

४. शेजारच्या ‘ऑटोफॉरमॅट अ‍ॅज यू टाइप’ टॅबवर सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हं करणारी ‘स्मार्ट कोट्स’ची टीक असते. कृतिदेवमध्ये अर्धा ‘श्’ आणि अर्धा ‘ष्’ याच सरळ चिन्हांच्या कळीवर बसतात, त्यामुळे ‘शाळा’ लिहिताना ‘श’ मोडतो. ही टीकही काढा आणि दोन्ही खिडक्या ‘ओके’ करून बंद करा.

ऑफिसात एकाच लॉगिनवर दोघंतिघं काम करत असतील तर त्यांना सांगून ठेवा. या टिका फाइलपुरत्या नसतात, त्या लॉगिनवर उघडणाऱ्या प्रत्येक फाइलला लागू होतात. आणि एखादीच दुरुस्ती परतवायची असेल तर एवढा खटाटोप नको: बदल झाल्याबरोबर कंट्रोल आणि झेड दाबा, तुमचं मूळ अक्षर परत येतं.

आता तांबडी रेघ. त्याच ‘प्रूफिंग’ पानावर ‘चेक स्पेलिंग अ‍ॅज यू टाइप’ आणि व्याकरणाची ‘मार्क ग्रामर एरर्स अ‍ॅज यू टाइप’ या टिका काढल्या की रेघा जातात. फक्त समोरच्या फाइलमधून घालवायच्या असतील तर पानाच्या तळाशी ‘हाइड स्पेलिंग एरर्स इन धिस डॉक्युमेंट ओन्ली’ आहे. अर्जात अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी असेल तर मी स्पेलचेक बंद करणार नाही. मराठी मजकूर निवडून ‘रिव्ह्यू’, ‘लँग्वेज’, ‘सेट प्रूफिंग लँग्वेज’मध्ये जावं आणि ‘डू नॉट चेक स्पेलिंग ऑर ग्रामर’वर टीक करावी. इंग्रजीची तपासणी चालू राहते.

वर्डमध्ये बंद केलं म्हणजे सगळीकडे बंद झालं असं नाही. प्रत्येक प्रोग्रामचं बटण वेगळं. लिबरऑफिसमध्ये शिफ्ट आणि एफ-७ दाबलं की रेघा जातात. ऑटोकरेक्ट ‘टूल्स’ मेनूत सापडेल. गूगल डॉक्समध्ये ‘टूल्स’खालच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये आपोआप दुरुस्तीची टीक आहे, रेघांची मात्र ‘स्पेलिंग अँड ग्रामर’मध्ये. क्रोममध्ये ‘सेटिंग्ज’, ‘लँग्वेजेस’, मग स्पेलचेकचं बटण. विंडोज ११ मध्ये ‘टाइम अँड लँग्वेज’मधल्या ‘टायपिंग’खाली दोन बटणं आहेत, पण त्यांचा वर्डवर परिणाम होत नाही. नोटपॅडमध्येही आता दुरुस्ती आली आहे. ती त्याच्याच खिडकीतल्या दातेरी चाकावर टिचकी मारून बंद करायची.