मोबाइलची बॅटरी बदलायला जाताय? मग या चुका टाळा

गेल्या सहा-सात वर्षांत घरातले, नात्यातले आणि सोसायटीतले मिळून पंधराएक फोन मी बॅटरी बदलायला नेलेत, काही कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला, काही पुण्यातल्या तापकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात. आणि दर वेळी त्याच त्याच चुका बघून आता खरंच वैताग आलाय. काम तसं पाऊण तासाचं. पण लोक चपलेचा अंगठा शिवून घ्यायला जावं तसे जातात, गाडी कशीतरी लावायची, फोन काउंटरवर टाकायचा, "किती वेळ लागेल" विचारायचं आणि चहाला निघून जायचं. घाई इथे नडते.

बॅकअप न बघता फोन देणं

यावर मी जास्त लिहिणार आहे कारण हे घरात घडलंय. माझ्या मावशीचा फोन दुपारपर्यंतसुद्धा टिकत नव्हता. काका जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. मावसभाऊ ऑफिसला जाता जाता सर्व्हिस सेंटरला फोन देऊन गेला, जॉबशीटवर, म्हणजे दुरुस्तीच्या कागदावर, सही केली, संध्याकाळी फोन आणला. बॅटरी नवी होती. पण फोन सुरू केला तर स्क्रीनवर "भाषा निवडा". सगळा फोन फॉरमॅट झालेला. जाऊन विचारलं तर त्यांनी जॉबशीटची मागची बाजू दाखवली, डेटाची जबाबदारी ग्राहकाची असं बारीक अक्षरात छापलेलं आणि पुढे याची सही.

मावशीच्या व्हॉट्सॲपमध्ये काकांचे व्हॉइस मेसेज होते. मंडईतून अजून काय आणू, गॅसवाला येऊन गेला का, मला उशीर होईल तू जेवून घे, असे दहा-दहा सेकंदांचे. रोज दुपारी ती ते ऐकायची. सगळे म्हणाले अगं गूगलवर असेल की बॅकअप. होता, पण चार महिने जुना. २०२४ पासून अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगलच्या १५ जीबी फुकट जागेतच मोजला जायला लागला, मावशीची ती जागा पोरीच्या लग्नाच्या फोटोंनी भरून गेली होती आणि बॅकअप कधी थांबला ते घरात कुणालाच कळलं नाही. म्हणजे काकांचे शेवटच्या दोन महिन्यांतले, हॉस्पिटलमधून पाठवलेले मेसेज गेले ते गेलेच. मावशी कुणाला काही बोलली नाही. म्हणून "बॅकअप चालूच असतो माझा" असं कुणी म्हणालं की मी आधी त्याचा फोन मागून घेते.

माझी सवय सांगते. आदल्या रात्री व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये चॅट बॅकअपवर जाऊन शेवटच्या बॅकअपची तारीख डोळ्यांनी बघायची. नुसतं "ऑन" आहे यावर विश्वास नाही. जे परत मिळणारच नाही असं काही असेल, आवाज, फोटो, तर केबल लावून लॅपटॉपवर वेगळं कॉपी करायचं, क्लाउडच्या भरवशावर नाही. आणि काउंटरवर पहिला प्रश्न हा, "फोन रिसेट करणार का?" हो म्हणाले तर कशासाठी ते विचारायचं. बॅटरी बदलायला डेटा उडवावा लागत नाही.

दुसरं म्हणजे पिन. लोक चिठ्ठीवर पिन लिहून ती फोनच्या पाठीला चिकटवून देतात हो! त्याच फोनमध्ये बँकेचं ॲप, यूपीआय, घरच्यांचे फोटो. सॅमसंगच्या बऱ्याच फोनमध्ये मेंटेनन्स मोड आहे, पिक्सेलमध्ये रिपेअर मोड आहे, तो चालू केला की टेक्निशियनला फोन तपासता येतो पण तुमचं काही दिसत नाही. तुमच्या फोनमध्ये नसेल तर तिथेच थांबा आणि लॉक स्वतःच्या हाताने उघडून द्या. सिम काढून खिशात ठेवा, मेमरी कार्ड असेल तर तेही.

"ओरिजिनलच आहे ताई" यावर विसंबणं

ही चूक मी स्वतः केलेली आहे. माझा जुना फोन, कंपनीत बॅटरी यायला आठ दिवस लागतील म्हणाले, मला धीर नव्हता, गेले एका दुकानात. त्याने ओरिजिनल, फर्स्ट कॉपी आणि लोकल अशा तीन बॅटऱ्या समोर मांडल्या. मी ओरिजिनल म्हणून दाखवलेली साडेसहाशेवाली घेतली. त्याने पाठीवर गरम हवा मारली, प्लास्टिकचं कार्ड फिरवून मागचं झाकण काढलं, इथपर्यंत ठीक. जुनी बॅटरी चिकटून बसली होती तर याने खालून लोखंडी पट्टी घातली आणि उचकटायला लागला. बॅटरी मधोमध वाकली आणि एक गोडसर वास आला, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा. त्याचा चेहरा उतरला, बॅटरी झटकन उचलून त्याने बाहेर फरशीवर नेऊन ठेवली. आत जे द्रव असतं त्याचा तो वास, म्हणजे पाकीट फुटलं होतं. पेटली नाही हे नशीब.

आणि ती नवी बॅटरी? पाचव्या महिन्यात ३५ टक्क्यांवर फोन बंद पडायला लागला. मग एकदा टेबलावर ठेवून टाइप करत होते तर फोन डुगडुगतोय. पाठ एका बाजूने उचलली होती, बॅटरी फुगलेली. वॉरंटी सहा महिने, पण तोंडी. बिल मी मागितलंच नव्हतं, दुकानदार म्हणाला आमची नाही ही.

आता मी काय करते, तर बॅटरी लावायच्या आधी हातात घेते. उत्पादनाची तारीख बघते, कारण लिथियमची बॅटरी नुसती पडून राहूनही म्हातारी होते, दोन वर्षं कपाटात पडलेली नवी म्हणून नको. बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का आणि त्याखाली आर ने सुरू होणारा नंबर असायला हवा. मूळ बॅटरीएवढीच साइज आणि छापलेले एमएएच, म्हणजे बॅटरीची क्षमता, भरमसाट जास्त, तर ते खोटं समजून उठायचं. लोखंडी पट्टी दिसली की सरळ सांगते, ओढायची टेप असेल तर ती ओढा, नाहीतर कडेने थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल (त्याने गोंद सैल होतो) सोडून थांबा, पण उचकटू नका. काही जण तोंड वाकडं करतात. करू देत. जो थांबायला तयार नाही त्याच्याकडून मी काम करून घेत नाही. तापकीर गल्लीत नीट काम करणारे लोकही आहेत, ते स्वतःहून जुनी आणि नवी बॅटरी शेजारी ठेवून दाखवतात.

आयफोनवाल्यांसाठी एवढंच की २०१८ च्या एक्सएस, एक्सआरपासून पुढच्या फोनमध्ये बॅटरी अस्सल असल्याची खात्री पटली नाही तर सेटिंग्जमध्ये तसा मेसेज येतो. तसा मेसेज नाही ना, ते बघूनच पैसे द्या.

फुगलेली बॅटरी असेल तर चार्जिंग त्याच क्षणी बंद, फोन दाबून पाठ बसवायची नाही, टाचणी लावायची नाही, "रविवारी बघू" नाही.

बाकीच्या चुका

दोष बॅटरीचाच आहे का ते न बघता जाणं. चार्जिंगच्या भोकात खिशातला कापूस अडकलेला असतो, फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढा, कधी कधी चार्जिंग तेवढ्यानेच सुधारतं.

आयफोनच्या सेटिंग्जमध्ये ८२ टक्के बॅटरी हेल्थ (नवी असतानाच्या तुलनेत उरलेली क्षमता) दिसली म्हणून भांडायला जाणं. ॲपलच्याच म्हणण्याप्रमाणे आयफोन १४ पर्यंतच्या बॅटऱ्या ५०० चार्ज सायकलनंतर (एक सायकल म्हणजे एकूण शंभर टक्के चार्ज वापरणं) ८० टक्के राहतील अशा बनवल्यात, १५ पासून १००० सायकलनंतर. ॲपलकेअर प्लस, म्हणजे ॲपलची पैसे भरून घ्यायची जादा वॉरंटी, असेल तरी बॅटरी फुकट बदलून मिळते ती ८० च्या खाली गेल्यावर.

स्टॉक आहे का हे फोन करून न विचारता जाणं. शनिवारी संध्याकाळी किंवा गणपतीच्या आधीच्या आठवड्यात लक्ष्मी रोडच्या बाजूला जाणं. मधल्या वारी सकाळी अकराला जा, मेट्रोने मंडईला उतरा आणि चालत जा, पार्किंगच्या चिंतेनेच निम्मी घाई होते.

स्क्रीनला तडा असेल तर तो आधी न सांगणं. उघडताना तो वाढू शकतो आणि मग वाद होतो. देण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढा.

काउंटर सोडून आल्यावर तपासणं. तिथेच एक कॉल लावा, कानाला लावल्यावर स्क्रीन बंद होते का, स्पीकर, दोन्ही कॅमेरे, बोटाचा ठसा, चार्जर लावून बघा, झाकण सगळीकडून बसलंय का नख फिरवून बघा.

पाण्याला टिकणारा फोन उघडल्यावरही तसाच राहील असं धरून चालणं. नवं सील लावलं का ते विचारा आणि तरी पावसात जपा.

पहिल्यांदा आठ तास चार्ज करणं. ही जुन्या निकेलवाल्या बॅटऱ्यांच्या काळातली गोष्ट आहे, आता गरज नाही.

बिल न घेणं. आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक), बॅटरीचा प्रकार आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्या. बिल असूनही ऐकत नसतील तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

आणि जुनी बॅटरी घंटागाडीत टाकणं. कचरा दाबताना ती पेटू शकते आणि तिथे हाताने कचरा वेगळा करणारी माणसं असतात. दुकानदार ठेवून घेत नसेल तर मी तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून डब्यात बाल्कनीत ठेवते, आणि ई-कचरा गोळा करणारे आले की त्यांच्या हातात देताना "यात बॅटरी आहे" असं तोंडाने सांगते.