थ्रीडी मॅग्नेटिक इमेजिंगमध्ये येणाऱ्यांनो, आधी सॅम्पल कलतं का बघा

खानापूर, निपाणी, चिकोडीकडची एमएस्सी झालेली पोरं हल्ली विचारतात, एक्स-रेनं नॅनो लेव्हलचं मॅग्नेटिझम बघण्यात पीएचडी करू का, म्हणून लिहितोय. एक्सएमसीडी, म्हणजे उजव्या आणि डाव्या वर्तुळाकार ध्रुवीकरणाच्या एक्स-रेंच्या शोषणातल्या फरकावरून मॅग्नेटिझम बघणं, तुम्हाला माहीत असणारच, ते परत सांगत नाही.

अडकायला होतं ते पुढं. सिग्नल मिळतो तो फक्त बीमच्या, म्हणजे एक्स-रेच्या झोताच्या दिशेतल्या मॅग्नेटायझेशनचा, आणि टोमोग्राफीत, म्हणजे अनेक कोनांतून फोटो घेऊन थ्रीडी चित्र बांधताना, सॅम्पल फिरतं एकाच अक्षाभोवती. खोडरबरात पेन्सिल उभी खोचा आणि टेबलावर फिरवत बसा, टोक वरच राहणार, तुमच्याकडं कधीच वळणार नाही. अक्षाला समांतर असलेला मॅग्नेटायझेशनचा घटक अस्साच, एकाही प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे एकाही कोनातल्या फोटोत येत नाही. वर सॉफ्टवेअर काही बोंब मारत नाही, मस्त रंगीत चित्र काढून देतं, तो घटक मात्र त्यात जवळजवळ शून्य, आणि आपण त्या चित्रात व्हॉर्टेक्स, म्हणजे मॅग्नेटायझेशनचे भोवरे शोधतोय. म्हणून सॅम्पल कलवून दुसरा अख्खा सेट घ्यायचाच. 2017 साली क्लेअर डॉनेली आणि सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडच्या स्विस लाइट सोर्सवर (जोरदार एक्स-रे देणारं सिंक्रोट्रॉन यंत्र) गॅडोलिनियम-कोबाल्टचा 5 मायक्रॉन व्यासाचा खांब साधारण 100 नॅनोमीटर रेझोल्यूशननं बघितला, ब्लॉख पॉइंट (मॅग्नेटायझेशन जिथं नाहीसं होतं ते बिंदू) दाखवले, ते पण दोन कलांत डेटा घेऊनच. नाहीतर लॅमिनोग्राफी करा, तिथं अक्षच बीमला तिरका असतो, एका फेरीत तिन्ही घटक हाताला लागतात.

एजचं, म्हणजे ज्या ऊर्जेला अणू एक्स-रे एकदम जास्त शोषतो तिचं, थोडक्यात सांगतो. लोखंडाच्या एल-3 एजला, 707 ईव्हीच्या (इलेक्ट्रॉनव्होल्टच्या) आसपास, सिग्नल दणदणीत पण जाड सॅम्पलमधून बीम पार होत नाही. हार्ड, म्हणजे जास्त ऊर्जेचे एक्स-रे आरपार जातात, सिग्नल मात्र बारीक.

फोटोंतून थ्रीडी चित्र बांधणारा कुणाचा तरी तयार कोड घ्यायला माझी ना नाही, पण आधी स्वतः बनवलेल्या खोट्या सॅम्पलवर चालवा, ज्याचं उत्तर तुम्हाला ठाऊक आहे. हे न करता थेट खरा डेटा घालणारे मला पटत नाहीत. गाइडचंही तसंच, मोठ्या नावापेक्षा रात्री तीनला शेजारी बसून अलाइनमेंट करणारा सीनियर असलेली लॅब बघा.

एसएसएलसीपर्यंत (कर्नाटकातली दहावी) मराठी मीडियम, म्हणून घाबरू नका. पीयूसीला (अकरावी-बारावी) इंग्रजी फिजिक्सशी झटापट करून आलाय ना, मग पेपर पण वाचता येतील, पहिलं वर्ष जड जातं इतकंच. घरचे "तिकडं नेमकं काय करूलालास?" विचारतील, त्याला इलाज नाही. इंदूरच्या इंडस-2 या सिंक्रोट्रॉनवर साधं एक्स-रे अॅब्सॉर्प्शन करायची संधी मिळाली तर सोडू नका, बीमलाइनवरचा (एक्स-रे जिथं येतात त्या प्रयोगाच्या जागेवरचा) हात तिथं बसतो. आणि बाहेर कुठं बीमटाइमचा (बीमलाइन वापरायच्या वेळेचा) अर्ज भरण्याआधी तिथल्या सायंटिस्टला मेल टाका, सॅम्पलचा होल्डर किती अंश कलतो आणि कलवल्यावर तो बीमच्या आड येऊन सावली पडते का, हे दोन प्रश्न विचारून.