बदकाची पिल्लं माणसाळवायची तर पहिले तीन आठवडे त्यांच्याजवळ बसा

मृगाचा पाऊस लागला की बरेच जण बदकाची पिल्लं आणतात, भाताच्या खाचरात सोडायला, अंड्यासाठी, नाहीतर पोरांनी हट्ट केला म्हणून. यंदाही आणणार असाल तर आधी एक सांगतो. पिल्लं माणसाळलेली असणं ही हौसेची गोष्ट नाहीये, धंद्याची आहे. भर पावसात संध्याकाळी खाचरातून बदकं घरी आणायची असतात, एखादं लंगडत असेल तर धरून बघायचं असतं, लस द्यायची असते, आणि माणूस दिसला की पळणारा कळप असेल तर यातलं काहीच धड होत नाही. घाबरलेली बदकं कोपऱ्यात एकावर एक चढतात, त्यात खालची चेंगरतात, पाय मोडतात. बदकाचा पाय तसा नाजूकच, म्हणून तर त्याला पायाला धरून कधीच उचलायचं नाही.

माणसाळायचं वय अगदी लहान असतं. अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या दिवसात पिल्लू जे हलताना बघतं, ज्याचा आवाज ऐकतं त्यालाच आई समजून मागे लागतं. कोनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने हंसांच्या पिल्लांवर हे दाखवून दिलं, त्यांना १९७३ चं नोबेल मिळालं. आता हॅचरीतून किंवा बाजारातून पिल्लं आपल्याकडे येईपर्यंत तो पहिला दिवस गेलेला असतो, पण त्याचं टेन्शन घेऊ नका, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रोज सवय लावली तरी पिल्लं छान माणसाळतात. खुडूक कोंबडीखाली अंडी बसवून पिल्लं काढली असतील तर ती कोंबडीच्या मागे जाणार, तुमच्या नाही, मग तिथे आधी कोंबडी माणसाळलेली पाहिजे. ती बिथरली की पिल्लं पण बिथरतात. (साध्या बदकाची अंडी २८ दिवसांनी फुटतात, मस्कोव्हीची ३५, म्हणजे कोंबडीला जास्त दिवस बसावं लागतं, तिच्या दाणापाण्याकडे लक्ष ठेवा.)

जातीचाही फरक पडतो. पांढरं पेकिन स्वभावाने शांत. खाकी कॅम्पबेल अंड्याला एक नंबर, चांगली सांभाळली तर वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते, पण मुळात बुजरी, इंडियन रनर तर त्याहून बुजरी. या दोघींसाठी जास्त वेळ काढावा लागेल हे धरूनच चाला.

आता बसायचं कसं. पिल्लांचा शत्रू वरून येतो, घार, कावळा. त्यामुळे वरून येणारा हात म्हणजे त्यांना घारच वाटते. घार लांबून गेली तरी पिल्लू मान तिरकी करून एका डोळ्याने आभाळाकडे बघतं आणि जागच्या जागी थिजतं, तुम्ही टोपलीत वरून हात घातला की नेमकं तेच होतं. म्हणून पिल्लांचा खोका किंवा पेटी बाजूने उघडणारी करा, जमलं तर कमरेच्या उंचीवर ठेवा, नाहीतर सरळ जमिनीवर मांडी घालून बसा. हात तळवा वर करून जमिनीला टेकवा, त्यात भिजवलेलं खाद्य नाहीतर बारीक चिरलेली कोथिंबीर ठेवा आणि गप्प बसा. पहिल्या दिवशी एखादं धीट पिल्लू पुढे येईल, मान लांब करून तळव्याच्या कडेला चोच लावेल आणि धूम पळेल, परत येईल, मग चोच भराभर चालवत हातातलं खाईल, गुदगुल्या होतात पण हात हलवायचा नाही. ते खातंय म्हटल्यावर बाकीची आपोआप येतात. दिवसातून तीन-चार वेळा दहा-दहा मिनिटं बसलात तर एकदाच तासभर बसण्यापेक्षा जास्त फायदा होतो.

खाद्य देताना प्रत्येक वेळी एकच हाक द्या. "या या या" म्हणा, डबा वाजवा, काहीही चालेल, पण रोज तेच, आणि घरातल्या सगळ्यांनी तेच. हाक दिली आणि हातात काही नाही असं करू नका, पिल्लांना ते पटकन कळतं. पुढे खाचरातून परत बोलवायला हीच हाक कामाला येणार आहे. आणि पावसाळ्याचं म्हणून अजून एक, छत्री आणि रेनकोट! रोज साध्या कपड्यात बघितलेला माणूस अचानक सळसळणारा प्लास्टिकचा रेनकोट घालून आला की पाळलेला कळपसुद्धा उधळतो, त्यामुळे दुसऱ्या आठवड्यापासून कधीकधी रेनकोट घालूनच खायला द्या, छत्री लांब उभं राहून हळूच उघडा.

उचलायला घाई नको. पिल्लू स्वतःहून मांडीवर चढायला लागलं की मग दोन्ही हातांनी बाजूने, पंख अंगाला लागलेले ठेवून, छातीखाली आधार देऊन जमिनीपासून जरासंच उचला. शांत झालं की खाली ठेवा, धडपडत असताना सोडलंत तर धडपडलं की सुटका होते हे शिकतं. पोरांना जरूर बसवा पण पाठलाग करू द्यायचा नाही, तोंडाजवळ न्यायचं नाही आणि नंतर साबणाने हात धुवायचे. बदक दिसायला ठणठणीत असलं तरी त्याच्या विष्ठेत साल्मोनेलाचे जंतू असू शकतात.

पिल्लू एकटं कधीच वाढवू नका. एकट्याला माणसाची इतकी सवय लागते की तुम्ही नजरेआड झालात की ओरडून ओरडून थकतं, आणि नर असेल तर मोठा झाल्यावर माणसालाच जोडीदार समजून चावतो, पायाला झोंबतो. किमान तीन-चार एकत्र हवीत.

हे सगळं पिल्लू उबदार आणि पोट भरलेलं असेल तरच. गारठलेलं पिल्लू माणसाळत नाही, ते फक्त ओरडतं. पहिल्या आठवड्यात साधारण ३२ अंश ऊब लागते, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. कोकणात जूनमध्ये दिवसा फार लागत नाही पण रात्री आणि पावसाच्या झडीत बल्ब पाहिजेच. पिल्लं बल्बखाली गोळा होऊन चिवचिवत असतील तर थंडी आहे, लांब कडेला धापा टाकत असतील तर गरम होतंय. पिसं येऊन ऊब बंद केली तरी रात्री झिरोचा बल्ब राहू द्या, मिट्ट काळोखात मांजर किंवा घूस नुसती खुडबुडली तरी कळप उधळतो. खाली पेपर टाकू नका, पाय घसरून फाकतात, कोरडं तूस टाका आणि ओलं झालं की बदला.

खायला कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर चालतं पण औषध मिसळलेलं नको, आणि बदकाला नियासिन म्हणजे ब३ जीवनसत्त्व कोंबडीपेक्षा जास्त लागतं, किलोमागे ५५ मिलिग्रॅमच्या आसपास. ते कमी पडलं की पाय वाकतात, सांधे सुजतात, पिल्लू बसून राहतं आणि लोक म्हणतात घाबरट आहे, जवळ येत नाही. ते घाबरट नसतं, त्याला चालवत नसतं. खाद्यात ब्रुअर्स यीस्ट (ब जीवनसत्त्वं असलेली यीस्टची पावडर) मिसळा किंवा पशुवैद्यकाला विचारून ब जीवनसत्त्वाचं औषध पाण्यातून द्या. खाद्यासोबत पाणी हवंच, नाहीतर ठसका लागतो, आणि पाणी इतकं खोल की नाकपुड्या बुडतील पण अंग बुडणार नाही.

पावसाळ्यात सगळ्यात जास्त जपायचं ते बुरशीपासून. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष बदकाइतकं कोंबडीलाही लागत नाही, ओलसर मका आणि शेंगदाणा पेंडीतून ते येतं, लिव्हर जातं आणि पिल्लं पटापट मरतात. आठ-दहा दिवस पुरेल एवढंच खाद्य आणा, वास आला, गुठळ्या झाल्या तर सरळ फेका, कोंबड्यांनाही घालू नका.

पोहायला पहिल्याच दिवशी सोडू नका. आईच्या अंगाचं तेल त्यांच्या लवीला लागलेलं नसतं, भिजून गारठतात. दुसऱ्या आठवड्यात उघडीप बघून पसरट ट्रेमध्ये कोमट पाणी घ्या, वर चिरलेला पाला किंवा अझोला (पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती) सोडा आणि पाण्यात हात ठेवून बसा, पाच-दहा मिनिटं, मग पुसून बल्बखाली. पाण्यात पिल्लं इतकी खूष असतात की बुजरी खाकीसुद्धा हाताखालून जाते.

खाचरात सोडायचं ते लावणीनंतर रोपं मुळं धरून उभी राहिली की, दोन-तीन आठवड्यांनी, आणि लोंब्या यायच्या आत बाहेर काढायचं. बदकं गोगलगायी, किडे मनापासून खातात, पण त्या किंवा शेजारच्या शेतात गोगलगायीसाठी मेटाल्डिहाईडच्या गोळ्या टाकल्या असतील तर अजिबात सोडू नका, ते विष बदकालाही लागतं. शेजाऱ्याला आधी विचारून घ्या.

डक प्लेग या बदकांच्या विषाणूजन्य रोगाची लस साधारण आठ ते बारा आठवड्यांत देतात, तुमच्या भागात कधी आणि कुठे मिळते ते पशुवैद्यकीय दवाखान्यात आत्ताच विचारून ठेवा. लसीच्या दिवशी संध्याकाळी नेहमीच्या हाकेने आत घ्या, मंद उजेड ठेवा, आणि एकेक उचलताना बाकीच्यांसमोर खाद्य राहू द्या.