व्हेरिकोसील: मोरीत उभं राहून स्वतःला तपासा

हर्णैच्या बंदरात मी तेरा वर्षं होडीवर आहे, आधी खलाशी, आता तांडेल. लग्नाला चार वर्षं होऊनही मूल नव्हतं, तेव्हा गोळ्या, सोनोग्राफी, उपास-तापास सगळं बायकोनेच सोसलं. मला तपासून घ्यायला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं. कारण दुखत मलाच होतं. दिवसभर जाळं ओढून झालं की डावीकडे खाली जड, ओढल्यासारखं लागायचं, आडवं झालं की थांबायचं. कामाचा शीण म्हणून मी सोडून दिलं. ते व्हेरिकोसील होतं, म्हणजे वृषणाच्या वरच्या शिरा फुगणं.

तपासायचं कसं, ते आधी सांगतो. कढत पाण्याने आंघोळ करा आणि मोरीतच उभे राहा. अंग गार असलं की कातडी आखडते, हाताला काही कळत नाही. गोटीच्या, म्हणजे वृषणाच्या मागे एक मऊ वळी लागते, ती सगळ्यांनाच असते, घाबरू नका. तिच्या वर, जांघेकडे जाणारी दोरी अंगठा आणि बोटांत हलकी धरा. आता नांगर ओढताना दम कोंडून जोर लावतो, तसा लावा. बोटांत ओल्या सुतळीचा गुंता फुगल्यासारखा वाटला तर तेच. जोर लावल्यावरच लागला तर पहिली पायरी, एरवीही लागला तर दुसरी, नुसत्या डोळ्यांना दिसला तर तिसरी. मग चटईवर आडवे व्हा. गुंता बसायला हवा.

वृषणाकडे जाणारी धमनी शिरांच्या एका जाळ्यातून जाते. परतणारं थंड रक्त तिच्यातलं गरम रक्त निववतं, म्हणून वृषण अंगापेक्षा दोन ते चार अंशांनी थंड राहतं. शुक्राणू तयार व्हायला तो थंडावा लागतोच. शिरेतल्या झडपा सैल पडल्या की रक्त उलटं उतरतं आणि जाळं फुगतं. बहुतेकांना डावीकडेच होतं. उजवी शीर थेट महाशिरेला तिरकी मिळते. डावी लांब, ती मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते. भरतीला खाडीत आडवा उतरणारा पऱ्या कसा तुंबतो, तसंच.

शंभरातल्या साधारण पंधरा पुरुषांना हे असतं आणि त्यातल्या पुष्कळांना मुलं होतात, त्रासही नसतो. तेव्हा गुंता लागला म्हणून लगेच ऑपरेशन नाही. दुखत असेल, किंवा वर्षभर प्रयत्न करूनही मूल होत नसेल, तर युरॉलॉजिस्टला दाखवा. ते हाताने तपासतील, डॉपलर सोनोग्राफी (शिरेतलं रक्त कुठे वाहतं ते दाखवणारी) आणि वीर्यतपासणी सांगतील. वीर्यतपासणीआधी दोन ते सात दिवस संबंध नको, हस्तमैथुनही नको. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्या. एका रिपोर्टवर निकाल धरू नका, काही आठवड्यांनी पुन्हा करा. हाताला न लागणारं, फक्त सोनोग्राफीत दिसणारं व्हेरिकोसील कापायला कुणी सांगितलं तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

काही वेळा मात्र थांबू नका. आडवं होऊनही गुंता बसत नाही, फक्त उजवीकडेच आहे, किंवा चाळिशीनंतर अचानक आला, तर पोटाचीही सोनोग्राफी करून घ्या. वर मूत्रपिंडाजवळची गाठ शिरेवर दाब देत असू शकते. गोटीवरच कडक गाठ लागली तरी लगेच दाखवा. आणि एकाएकी असह्य कळ आली तर तो गोटीला पडलेला पीळ असू शकतो, तो सहा तासांच्या आत सोडवावा लागतो. समुद्रात असाल तर होडी फिरवा.

बायकांनाही हे होतं. अंडाशयाच्या शिरा फुगतात, जास्त करून बाळंतपणांनंतर. दिवसभर उभं राहिलं की ओटीपोटात जडपणा येतो, संबंधांनंतर दुखतं, पडलं की उतरतं. मासळी विकून आलेली बाई कंबर धरून बसली तर तिला नुसतं ‘गॅस झालाय’ म्हणू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा.

ऑपरेशन ठरलंच तर मासेमारी बंदीत करा, १ जून ते ३१ जुलै. सूक्ष्मदर्शकाखाली बघून शिरा बांधतात ती पद्धत (मायक्रोसर्जरी) आहे का, ते विचारा. त्यात पुन्हा होण्याचं आणि गोटीभोवती पाणी भरण्याचं प्रमाण कमी असतं. जड ओढायला डॉक्टर हो म्हणेपर्यंत हात लावू नका. माझे टाके जूनमध्ये पडले आणि नारळी पौर्णिमेला मी जाळ्यावर होतो. नवे शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून पुढची तपासणी तीन महिन्यांनी. ती करायला बायको माझ्यासोबत आली होती, फाईल तिच्याच हातात होती.