पान उघडत नाही म्हणून राउटरच्या भोकात पिन घालू नका

गुरुवारी संध्याकाळी नारायण पेठेतून आत्याचा फोन आला. "अरे, नेट गेलंय. सकाळपासून लाइट नव्हती, आता आलीये, पण एक पान उघडेल तर शपथ! जिथे जावं तिथे लाल त्रिकोण."

मी पोचेपर्यंत तिने शेजारच्या मुलाच्या सल्ल्याने तीन उपाय करून ठेवले होते. ब्राउझर काढून पुन्हा टाकला होता, हिस्ट्री पुसली होती आणि शेवटी केसाची पिन घेऊन राउटरच्या मागचं बारीक भोक दाबलं होतं. मूळ बिघाड पाच मिनिटांचा होता. पिनेने तो दोन दिवसांचा केला.

त्या भोकातलं बटण राउटर नुसता बंद-चालू करत नाही, कारखान्यातून निघाला तसा कोरा करतं. केबलवाल्याने कनेक्शन जोडताना युजरनेम-पासवर्ड आतच भरलेला असतो, बहुतेक घरांत तो कुठे लिहून ठेवलेला नसतो. तो गेला की माणूस येईपर्यंत बसा वाट बघत. राउटर बंद-चालूच करायचा असेल तर भिंतीवरचं बटण आहे. अर्धा मिनिट बंद ठेवा, मग चालू करून दिवे स्थिर होईपर्यंत दोन-तीन मिनिटं कळ काढा. फायबरच्या डबीवरचा 'एलओएस' (म्हणजे सिग्नल हरवल्याचा) दिवा लाल असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाहीये. केबल तुटली असेल, वाकली असेल किंवा निसटली असेल. पुण्यात कुठे ना कुठे खोदकाम चालूच असतं. तेव्हा ब्राउझरशी भांडण्यात अर्थ नाही.

आत्याकडे मात्र लाल दिवा नव्हताच. स्क्रीनवर इंग्रजीत सरळ लिहिलं होतं, 'तुमचं घड्याळ मागे आहे.' कोणी वाचलंच नव्हतं! जुना संगणक, मदरबोर्डवरची (आतल्या मुख्य पाटीवरची) नाण्याएवढी सीआर२०३२ बॅटरी संपलेली. वीज गेली की तारीखही गेली. संगणकात २००९ साल चालू होतं. सुरक्षित साइट आपलं प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर ते कधीपासून कधीपर्यंत चालेल हे लिहिलेलं असतं. २००९ मध्ये बसलेल्या ब्राउझरला आजचं प्रमाणपत्र अजून जन्मलेलंच दिसत नाही, म्हणून तो एकजात सगळ्यांना दारातच अडवतो. तारीख-वेळ नीट केली आणि तो लाल त्रिकोण गेला. ३ व्होल्टची ती बॅटरी तपकीर गल्लीत किरकोळ पैशांत मिळते.

अशा वेळी इशाऱ्याच्या पानावरचं 'ॲडव्हान्स्ड' बटण दाबून पुढे जायची युक्ती पुष्कळजण सांगतात. बँकेच्या साइटवर ती कधीही वापरू नका.

तेव्हा काहीही दाबण्याआधी पडद्यावरची ओळ वाचा, खालचा बारीक अक्षरांतला कोडसुद्धा. क्रोममध्ये छोटा डायनासोर दिसला तर बहुधा तुमचा संगणकच नेटवर्कला जोडलेला नाही. वायफाय किंवा वायर बघा. कोडमध्ये 'प्रॉक्सी' (नेटची ये-जा मध्यस्थ संगणकातून नेणारं सेटिंग) शब्द असेल तर एखाद्या व्हीपीएनने (तुमचा माग लपवणारं ॲप) किंवा आगंतुक सॉफ्टवेअरने जाताना सेटिंग तसंच मागे ठेवलंय. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये जाऊन प्रॉक्सी बंद करा. 'डीएनएस' असेल तर साइटचं नाव दिल्यावर तिचा आकडी पत्ता सापडत नाहीये. एकाच साइटला असं होत असेल तर आधी नावाचं स्पेलिंग तपासा. सगळ्याच साइट्सना होत असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजची काळी खिडकी) 'ping 8.8.8.8' लिहून गूगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का बघा. तिथून उत्तर आलं, पण साइटच्या नावाला पिंग करून आलं नाही, तर लाइन ठीक आहे, घोळ डीएनएसचा. राउटरमध्ये किंवा संगणकात डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ भरून बघा.

आता शेजारच्या मुलाचे बाकीचे दोन उपाय. ब्राउझर काढून टाकला तरी त्याचा डेटा बहुधा मागे उरतो, त्यामुळे बिघडलेलं सेटिंग पुन्हा जसंच्या तसं हजर होतं. हिस्ट्री पुसताना कुकीजही (साइट्सनी तुमची ओळख ठेवलेल्या चिठ्ठ्या) पुसल्या की सगळीकडून लॉगआउट, आणि पासवर्डच्या चौकटीत टिक राहिली तर तेही गेले. आत्याचा वीजबिलाचा पासवर्ड असाच गेला. त्याऐवजी इन्कॉग्निटो (ब्राउझरची खासगी) खिडकी उघडा. तिथे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेली छोटी जोडसॉफ्टवेअर, सहसा बंद असतात, म्हणून पान तिथे उघडलं तर संशय एक्स्टेन्शनवर किंवा साठलेल्या कुकीजवर घ्या. नाही उघडलं तर दुसरा ब्राउझर, मग दुसरं यंत्र.

इथे फोन फसवतो. "व्हॉट्सॲप चालतंय की!" असं आत्याही म्हणाली होती, पण वायफायवर नेट नाही म्हटल्यावर तिचा फोन गुपचूप मोबाइल डेटावर गेला होता. डेटा बंद करून तपासा. याउलट फोनवर वायफाय आणि डेटा दोन्हींवर काहीच उघडत नसेल तर अँड्रॉइडचं 'प्रायव्हेट डीएनएस' बघा. जाहिराती रोखायला कोणी भाच्याने तिथे काही भरून ठेवलेलं असतं आणि तो सर्व्हर पडला की सगळंच ठप्प. (तो भाचा एकदा मीच होतो.)

क्वचित चूक आपली नसतेही. १३ जानेवारी २०२२ ला जगभर फायरफॉक्सची पानं उघडेनाशी झाली. एका क्लाउड कंपनीने आपल्याकडे एचटीटीपी-३ (पानं आणण्याची नवी पद्धत) चालू केलं आणि फायरफॉक्समधली जुनी चूक उघडी पडली. त्याचा नेटवर्क सांभाळणारा भाग एकाच जागी गोल गोल फिरत राहिला. तोही गुरुवारच! त्या दिवशी ज्यांनी दुसरा ब्राउझर उघडून पाहिला त्यांना लाइन ठीक असल्याचं मिनिटभरात कळलं असणार.

आत्याकडे केबलवाल्याचा माणूस शनिवारी आला. त्याला फोन करताना 'नेट बंद आहे' एवढंच सांगू नका. कोणता दिवा कोणत्या रंगाचा आहे, किती यंत्रांवर बंद आहे आणि पिन घातली असेल तर तेही सांगा, म्हणजे तो पासवर्ड घेऊनच येईल.